मळाचा माग



आषाढी झाली, पौर्णिमेचा काला झाला, दिंड्या माघारी वळल्या, की दरवर्षी एक वाद उठतो आणि तो थेट कार्तिकीपर्यंत पुरतो. वाद असा की, चंद्रभागेचे पाणी घाण केले कोणी? शहरातला शिकलेला गृहस्थ म्हणतो, वारकऱ्यांनी. वारकरी म्हणतो, आम्ही वर्षातून चार दिवस येतो. पुण्या-चिंचवडचा मैला बारा महिने खाली वाहतो, त्याचे काय? पुणेकर म्हणतो, मधे एवढे थोरले उजनीचे धरण आहे, आमचे पाणी तेथेच थांबते, तुमच्या गावची गटारे पाहा. गावकरी म्हणतो, म्हशी डुंबतात त्या कोणी पाहायच्या? म्हशीवाला बिचारा काहीच बोलत नाही, कारण त्याला कोणी विचारीतच नाही.

चौघांची चार बोटे, आणि एकही बोट स्वतःकडे वळलेले नाही! परंतु आज आम्ही त्यावरून कोणास बोल लावणार नाही. 'प्रत्येकाने आपले अंतःकरण पाहावे' हे सांगणे सोपे, आणि ते सांगून कीर्तनकार मोकळा होतो. पाणी काही त्याने निर्मळ होत नाही. मळ कोणाचा, हा प्रश्न अंतःकरणाचा नव्हे, प्रमाणाचा आहे. जेथे प्रमाण लागते तेथे प्रमाणच दिले पाहिजे.

आमचे बालपण पाठशाळेत गेले. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह गुरुजींनी आमच्याकडून घोकून घेतला. त्यात डोंगरावरच्या धुराचा दृष्टांत आहे, तो आपणांपैकी पुष्कळांनी ऐकला असेल. धूर दिसला की अग्नी आहे असे अनुमान करावे. का, तर धूर अग्नीवाचून कोठे राहत नाही. पण त्याच ग्रंथात हेत्वाभासही सांगितले आहेत, म्हणजे कारणासारखी दिसणारी पण कारण नसलेली खूण. त्यांत एक 'साधारण' नावाचा आहे. जी खूण इकडेही सापडते आणि तिकडेही सापडते, ती घेऊन इकडचाच निर्णय करू नये. अंगणात पावले उमटली म्हणून चोर आला म्हणाल, तर माउली, पाहुणाही पायांनीच येतो! पावलांवरून कोणी तरी आले एवढेच सिद्ध झाले. चोर सिद्ध व्हावयाचा तर ज्या पावलास चोराचीच अशी काही खूण असेल, ती दाखविली पाहिजे.

आता हा न्याय नदीला लावू.

नदीच्या पाण्यात मैला मिसळला आहे की नाही हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेत ज्या जंतूंची मोजणी करतात, त्यांस विष्ठाजन्य कोलिफॉर्म म्हणतात. त्यांतील प्रमुख जंतू थिओडोर एशेरिश नावाच्या बालवैद्याने १८८५ साली तान्ह्या मुलांच्या शौचात प्रथम पाहिला, म्हणून त्याचे नाव एशेरिशिया कोलाय, संक्षेपाने ई. कोलाय. हा जंतू उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात राहतो. तुमच्या आमच्या पोटात या घटकेस तो आहे. बहुतेक जातींचा तो निरुपद्रवी असतो. मग त्याला मोजावयाचे कशासाठी? तर तो धुरासारखा आहे. तो दिसला की विष्ठा आली, आणि विष्ठा आली की तिच्याबरोबर पटकी, विषमज्वर, कावीळ, हगवण यांची बीजे येण्यास वाट झाली. पाण्याचे थेंब पोषक द्रावाच्या नळ्यांत घालून साडेचव्वेचाळीस अंश उष्णतेत ठेवतात. एवढ्या उबेत इतर पुष्कळ जंतू वाढत नाहीत, हे वाढतात. किती नळ्यांत वाढ झाली यावरून १०० मिलिलिटर पाण्यात संभाव्य संख्या किती, ते काढतात. स्नानाच्या पाण्यासाठी आपल्या देशात असा निकष आहे की, १०० मिलिलिटरमध्ये हे जंतू ५०० पर्यंत असावेत, आणि कितीही झाले तरी २५०० च्या वर जाऊ नयेत. पिण्याच्या पाण्यात एकही नसावा. १०० मिलिलिटर म्हणजे अर्धा पेला पाणी, आणि माणसाच्या एका ग्रॅम विष्ठेत हे जंतू कोट्यवधी असतात, म्हणजे एवढीशी घाण किती पाणी बाटवील याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

पण पाहा, हा जंतू माणसाच्या पोटात आहे, गाईच्या आहे, कुत्र्याच्या आहे, डुकराच्या आहे, काठावरच्या पाखरांच्याही आहे. म्हणजे विष्ठा सिद्ध करण्यास ही खूण पुरेशी, पण 'वारकऱ्याची विष्ठा' किंवा 'म्हशीची विष्ठा' सिद्ध करण्यास हा साधारण हेत्वाभास झाला! वर्तमानपत्रात आकडा छापून येतो आणि त्या आकड्यावर चौघेही आपापला पक्ष उभा करतात. आकडा खरा, पक्ष मात्र चारही निराधार. शिवाय आणखी एक गोम आहे. आपल्यासारख्या उष्ण देशात हा जंतू ओल्या मातीत, वाळूत, तळच्या गाळात पुष्कळ दिवस तग धरतो. लोक पाण्यात उतरले, पायांनी गाळ ढवळला गेला, की नवी घाण न पडताही आकडा चढतो. विझलेल्या चुलीतून फुंकर मारल्यावर राख उडावी तसे ते आहे.

येथे कोणी माळकरी हात जोडून विचारतील, "महाराज, हे सगळं खरं, पण चंद्रभागा माय आहे. ती दुसऱ्याचे पाप धुते, तिला कसला मळ लागणार?" प्रश्न भोळा नाही, त्याला उत्तर द्यावे लागेल. शास्त्राने प्रत्येक वस्तूची तीन अंगे मानली, आधिभौतिक, आधिदैविक आणि आध्यात्मिक. चंद्रभागा देवी या रूपाने तिला मळ लागत नाही, हे आम्हांस मान्य. परंतु आपण ओंजळीत घेतो ते तिचे आधिभौतिक अंग. त्याला मळ लागतो, आणि तो मळ देवीला बाधत नाही, तो बाधतो कडेवरच्या लेकराला. तैत्तिरीय आरण्यकात व्रतस्थाला नेम सांगितला आहे की, पाण्यात मलमूत्र करू नये, पाण्यात थुंकू नये. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायातही तोच निषेध आहे. पाण्याला मळ लागतच नसता तर ऋषींना हा नेम करण्याचे कारण काय होते?

दुसरे कोणी सांगतात की, गंगेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात असे एका साहेबानेच लिहून ठेवले आहे. लिहिले आहे खरे. हँकिन नावाच्या शास्त्रज्ञाने १८९६ साली गंगा-यमुनेच्या पाण्याविषयी तसे प्रसिद्ध केले, आणि जंतूंना खाणारे विषाणू असतात हे पुढे ठरले. पण तो विषाणू आपल्या ठराविक जंतूलाच धरतो. आख्ख्या शहराचे गटार त्याच्या भरवशावर नदीत सोडावे, असे हँकिनने कोठे म्हटलेले नाही.

असो. आता मळाचा माग काढतात कसा, याचे एक आख्यान सांगतो. आख्यान परदेशातले आहे, पण त्यातला एक नायक आमच्याच धंद्याचा, म्हणजे धर्मोपदेशक आहे, म्हणून आम्हांस ते विशेष प्रिय.

१८५४ सालचा ऑगस्टअखेर. लंडन शहरात सोहो नावाच्या दाट वस्तीत ब्रॉड स्ट्रीट म्हणून एक गल्ली होती. तेथे पटकी फुटली ती अशी की, सप्टेंबरच्या पहिल्या दहा दिवसांतच काही शेकडा माणसे गेली आणि साथ संपेतो सहाशेच्या वर मेली. त्या काळी सगळ्या शहाण्यांचे मत होते की, रोग दुर्गंधीच्या हवेने होतो. जॉन स्नो नावाच्या वैद्याचे मत निराळे होते, रोग पाण्यातून जातो असे तो म्हणे. त्याने मेलेल्यांची घरे नकाशावर मांडली, तर ती ब्रॉड स्ट्रीटच्या सार्वजनिक पंपाभोवती गोळा झालेली. पण धूर दिसला म्हणून तो थांबला नाही. जेथे जवळ असून रोग नाही आणि जेथे दूर असून रोग आहे, अशी दोन्ही ठिकाणे त्याने शोधली. पंपाच्या शेजारी दारूभट्टी होती, तेथले सत्तरएक कामगार, त्यांतला कोणी मेला नाही. का, तर ते पंपाचे पाणी पीतच नसत. (यावरून कोणी भलताच अर्थ काढू नये, भट्टीची स्वतःची वेगळी विहीर होती.) उलट हॅम्पस्टेड नावाच्या दूरच्या, चांगल्या हवेच्या भागात एक विधवा बाई पटकीने गेली. तिचा मुलगा म्हणाला, आई पूर्वी ब्रॉड स्ट्रीटला राहत असे, तेथल्या पाण्याची गोडी तिला सुटली नव्हती, म्हणून रोज बाटली भरून मागवीत असे. मंडळी, आपण घरी चंद्रभागेची बाटली नेतो, तशीच ही बाटली! तिच्याकडे पाहुणी आलेली पुतणी ते पाणी प्यायली, आपल्या गावी इस्लिंग्टनला परत गेली, आणि तीही गेली. ८ सप्टेंबर रोजी पंपाचा दांडा काढण्यात आला.

येथवरची कथा पुष्कळ ठिकाणी सांगतात. खरी कथा पुढे आहे. विहिरीत मळ होता असे स्नो म्हणाला, पण कोणाचा? कोठून? हे त्याला सापडले नव्हते. त्या वस्तीत हेन्री व्हाइटहेड नावाचा तरुण पाद्री होता. त्याला स्नोचे म्हणणे पटले नव्हते. पंपाचे पाणी पिऊन बरे झालेली माणसे त्याने डोळ्यांनी पाहिली होती, म्हणून हा सिद्धान्त खोडून काढावा अशा इराद्याने तो घरोघर फिरू लागला. त्याला लोक ओळखत. मरणाऱ्यांच्या उशाशी तो बसला होता. वैद्याला जे कोणी सांगितले नसते ते त्याला सांगत. एकेका घरी तो चार-चार पाच-पाच वेळा गेला. आणि खोडून काढण्यास निघालेल्या मनुष्यालाच पुरावा सापडला. पंपासमोरच्या ४० क्रमांकाच्या घरी पाच महिन्यांची एक मुलगी साथीच्या आधी दोन-तीन दिवस जुलाबाने आजारी पडली होती. आई तिची दुपटी बादलीत खळबळून ते पाणी घरापुढच्या मैलाखड्ड्यात ओतीत असे. खड्डा उकरून पाहिला तर विटांचा गिलावा गेलेला, विटा ढासळलेल्या, आणि तेथून विहिरीची कड तीन फुटांहूनही कमी अंतरावर! मैला झिरपून विहिरीत जात होता. आणि हे सर्व रॉबर्ट कॉखने १८८३-८४ मध्ये इजिप्तमध्ये आणि आपल्या कलकत्त्यास पटकीचा जंतू ओळखला, त्याच्या कितीतरी आधी. जंतू न पाहता नुसत्या पायपिटीने आणि विचारपुशीने माग लागला.

त्या आईने पाप केले का? तिने आजारी लेकराची दुपटी धुतली. दोष फुटक्या खड्ड्याचा होता. माग काढणे निराळे आणि आरोपी धरणे निराळे, एवढे या आख्यानातून ध्यानात ठेवा, कारण पुढे ते लागणार आहे.

आजकाल माग कसा काढतात, ते आता थोडक्यात. प्रथम पायच लागतात. नदीच्या काठाने वर चालत जावयाचे. प्रत्येक नाला जेथे मिळतो त्याच्या वर एक बाटली आणि खाली एक बाटली भरावयाची. जेथे वरची साधारण आणि खालची भयंकर, तेथे तो नाला धरावयाचा आणि त्याच्या मुखापासून पुन्हा वर चालू लागावयाचे. मग काळ पाहावयाचा. उन्हाळ्यात, पाऊस नसताना आकडा चढलेला असेल तर बारमाही काही तरी गळते आहे, गटार किंवा फुटकी नळी. पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर चढत असेल तर माळावरचे, गोठ्यातले, उकिरड्यावरचे धुऊन येत आहे. संशय एखाद्या संडासावर असेल तर त्यात रंग ओततात आणि तो नदीत उमटतो का, ते पाहतात. कपडे पांढरे दिसावेत म्हणून साबणाच्या पुडीत जो उजळ पदार्थ घालतात, तो अतिनील दिव्याखाली चमकतो. नाल्याच्या पाण्यात ती चमक दिसली तर ते घराच्या मोरीचे पाणी आहे. म्हशी साबणपुडी वापरीत नाहीत.

पूर्वी दोन प्रकारच्या जंतूंचे प्रमाण काढीत. एक चौपटीहून अधिक असेल तर मैला माणसाचा, एकाहूनही कमी म्हणजे पाऊणपटीच्या आत असेल तर जनावराचा, असा ठोकताळा होता. पण ते दोन जंतू पाण्यात सारख्या वेगाने मरत नाहीत. काही दिवसांचे शिळे पाणी घेतले की उत्तर बदलते. म्हणून जाणत्यांनी तो सोडून दिला. मग १९९० च्या दशकापासून २००० च्या सुमारास बॅक्टेरॉइडीस नावाच्या दुसऱ्या जंतूंकडे लक्ष गेले. हे आतड्यात अतोनात असतात, उघड्या हवेत वाढू शकत नाहीत, आणि माणसाच्या पोटातले निराळे, गुरांच्या पोटातले निराळे. त्यांच्या बीजद्रव्यात माणसाचीच अशी एक अक्षरमाला सापडली. तिला एचएफ १८३ असे रुक्ष नाव आहे. पीसीआर नावाचे यंत्र (करोनाच्या साथीत ज्याचे नाव घराघरांत गेले तेच) ती अक्षरमाला पाण्यात आहे की नाही ते सांगते. तर्कसंग्रहाला हवा होता तो असाधारण नव्हे, सद्हेतू! जेथे माणूस तेथेच आहे, अन्यत्र सहसा नाही.

आणखी एक खूण ऐकून आपणांस हसू येईल. मिरचीच्या झाडाला एक विषाणू लागतो, पेपर माइल्ड मोटल व्हायरस. आपण मिरची, तिखट, ठेचा खातो; तो विषाणू पोटातून जसाच्या तसा पार होतो, आपल्याला काही करीत नाही, आणि मैल्याबरोबर बाहेर पडतो. माणसाच्या विष्ठेत तो विपुल असतो हे २००६ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून पाण्यात मिरचीचा विषाणू सापडला की तेथे माणसाचा मैला आहे, असे समजण्याची एक रीत पडली. गाय काही ठेचा खात नाही.

मात्र यातही व्याप्ती तपासून घ्यावी लागते. एका देशात खरी ठरलेली खूण दुसऱ्या देशात व्यभिचारी ठरू शकते, कारण पोटे निराळी, अन्न निराळे, गुरे घराला लागून. ओरिसातील खेड्यांत काम करणाऱ्या संशोधकांनी प्रथम तेथल्याच माणसांची, गुरांची, कुत्र्यांची विष्ठा घेऊन निरनिराळ्या खुणा पडताळल्या, आणि कोणती तेथे चालते ते २०१५ साली प्रसिद्ध केले. आधी पडताळा, मग पाण्याची परीक्षा. शास्त्राची ही शिस्त आम्हांस फार भावली.

आता चंद्रभागा. भीमा भीमाशंकरी उगवते. देहू-आळंदीची इंद्रायणी तुळापुरास तिला मिळते. पवना मुळेला, मुळा मुठेला, आणि पुण्या-चिंचवडचे सगळे पोटात घेऊन मुळामुठा रांजणगाव सांडसला भीमेत येते. तेथून उजनी. हे धरण १९८० साली पुरे झाले. त्याखाली नरसिंहपुरास नीरा मिळते, आणि मग पंढरी. आता विचार करा. हे विष्ठाजंतू उन्हाने आणि काळाने मरतात, संथ पाण्यात तळाशी बसतात. धरणाच्या एवढ्या विस्तीर्ण पाण्यात त्यांतले बहुतेक वाटेतच संपावयाचे. जे संपत नाही ते मैल्यातले खत. त्यानेच उजनीचे पाणी हिरवे होते, आणि त्या हिरवेपणाचे उत्तर वरच्या शहरांनी दिलेच पाहिजे. पण घाटावर भरलेल्या बाटलीत विष्ठाजंतू हजारोंनी निघाले तर 'ते पुण्याचे' म्हणून वारकऱ्याला सुटता येणार नाही, आणि गावालाही नाही. ताज्या जंतूंचा धनी बहुधा जवळच असतो. आळंदीची गोष्ट उलट. तेथे इंद्रायणीच्या वर मोठी वस्ती अगदी लागून आहे, मधे धरण नाही. तेथे वरच्याकडे बोट दाखविणाऱ्या वारकऱ्याला आम्ही अडविणार नाही. एकाच संप्रदायाच्या दोन नद्या, आणि दोहींचे उत्तर एक नव्हे. म्हणूनच घोषणा एक करून भागत नाही.

पंढरीस मग उरले तीन, गावचे सांडपाणी, यात्रा आणि गुरे. हे वेगळे करणे अवघड नाही. वैशाखात, यात्रा नसताना, गावाच्या वर, घाटाशी आणि खाली विष्णुपद-गोपाळपुराच्या बाजूस पाणी घ्यावे. पुन्हा आषाढ शुद्ध दशमी-एकादशीस घ्यावे. पुन्हा पौर्णिमेनंतर आठ दिवसांनी. वैशाखातच घाटाशी माणसाची खूण भरपूर निघाली, तर यात्रेवरचा बोल अर्धा खाली उतरला. दशमीस ती एकदम कैक पटींनी चढली, तर आपण मान खाली घालून ऐकावे. लाखो माणसे चार दिवस एका तालुक्याच्या गावी उतरली, तर त्यांचे मल कोठे तरी जाणारच; ते भक्तिभावाने नाहीसे होत नाही. इंग्रजी अमदानीत पंढरीच्या यात्रेत वरचेवर पटकी फुटे, आणि यात्रेकरूंना लस टोचून घ्यावी लागे, हे आमच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेले आम्हांस स्मरते.

गुरांविषयी बोलताना आमची जीभ जड होते, कारण आम्ही गोमयाने सारवलेल्या घरात वाढलो. पण सांगितले पाहिजे. कॅनडा देशात वॉकर्टन म्हणून एक लहान गाव आहे. मे २००० मध्ये तेथे मुसळधार पाऊस झाला, जवळच्या शेतातले गुरांचे खत एका उथळ विहिरीत झिरपले, जंतुनाशकाची मात्रा नीट पडत नव्हती, आणि ई. कोलायच्या एका घातकी जातीने सात माणसे मेली, दोन हजारांवर आजारी पडली. चौकशीत त्या शेतकऱ्याचा दोष नाही असे ठरले. त्याने शेत चांगल्या रीतीनेच सांभाळले होते. शेण सारवणात पवित्र आहे, शेतात ते सोने आहे, पाण्याच्या तोंडाशी ते शेणच आहे. तरीही विषमज्वर हा केवळ माणसाकडूनच माणसाला लागतो आणि पटकीही मैल्यातूनच पसरते, म्हणून नदीत दोन्ही असतील तर आधी माणसाचा मैला थांबवावा, हा क्रम चुकवू नये.

आता जे सांगण्यासाठी एवढे निरूपण केले ते. हा माग निघाला की तो कोणाच्या दाराशी आणून सोडतात, ते पाहा. आमचा अनुभव असा की, नेहमी दुबळ्याच्या. नाल्याकाठची झोपडी, म्हशीवाला, राहुटीत उतरलेली गरीब दिंडी, यांच्याकडे बोट लवकर जाते. भिंतीआडून ज्याची नळी थेट नाल्यात सोडलेली आहे तो माडीवरून पाहत असतो. विटाळ या शब्दाने आपल्या समाजात काय केले ते चोखोबांच्या पायरीशी वाकणाऱ्या आम्हां कोणास नवे नाही. सोयराबाईंनी विटाळाचाच प्रश्न देवापुढे मांडला. विटाळ माणसात आहे असे मानून आम्ही माणसे दूर ठेवली आणि खरा मळ निवांत पाण्यात सोडीत राहिलो. आणि तो मळ उचलण्याचे काम पुन्हा त्याच माणसांच्या हाती दिले. यात्रा उठल्यावर वाळवंटातला आणि गल्ल्यांतला मैला हातांनी कोणी काढला, हे ज्याने पाहिले आहे त्याला विसरता येणार नाही. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला उचलायला लावणे हा गुन्हा ठरला आहे. गेल्या दशकात वाळवंटातल्या वस्तीचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला, ६५ एकर नावाच्या तळावर दिंड्यांची सोय झाली, निर्मल वारीच्या नावाने पालखीमार्गावर फिरती शौचालये उभी राहू लागली. हे सर्व चांगले झाले. पण फिरत्या शौचालयाची टाकी भरल्यावर ती रात्री कोठे रिकामी होते, हे दिंडीचालकाने विचारले पाहिजे. ती ओढ्यात रिकामी झाली तर घाण फक्त दोन कोस पुढे सरकली, एवढेच.

गाडगेबाबा १९५६ साली गेले. त्यांचे कीर्तन सुरू होण्याआधी खराटा चाले, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. बाबा मैला कोणाचा म्हणून विचारीत बसले नाहीत, उचलीत गेले, असे म्हणून कोणी आमचे सर्व निरूपण एका वाक्यात उडवील. तर त्यास आमचे उत्तर असे की, जमिनीवरची घाण खराट्याने निघते, पाण्यातली निघत नाही. पाण्यातली उगमाशीच अडवावी लागते, आणि उगम ठाऊक नसेल तर अडविणार कोठे?

तेव्हा यंदा दिंड्यांनी एवढे करून पाहावे. बाळाची दुपटी नदीत खळबळू नयेत. तळावर बादलीत धुऊन ते पाणी शौचालयात ओतावे. तीर्थ म्हणून घरी नेलेले पाणी देव्हाऱ्यात ठेवावे, डोळ्यांस लावावे, आणि मुलांच्या व आजाऱ्यांच्या मुखी घालावयाचे तर उकळून घालावे. उकळल्याने तीर्थपण जात असेल तर चुलीवरचा नैवेद्यही चालू नये. आणि प्रत्येक दिंडीने चार कुप्या जवळ बाळगाव्यात. आपल्याच ग्वाल्हेरच्या शास्त्रज्ञांनी १९८२ साली एक सोपी परीक्षा काढली आहे. कुपीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरून झाकण लावून ठेवले की एक-दोन दिवसांत, मैला असल्यास, पाणी काळे पडते. त्याला यंत्र नको, वीज नको, स्वस्तात मिळते. तीही साधारण खूणच आहे, मैला आहे एवढेच सांगते, कोणाचा ते सांगत नाही. पण कोठे आहे ते सांगते, आणि व्हाइटहेडने तरी आरंभ तेथूनच केला. ज्या कुपीचे पाणी काळे होईल तेथले ताजे पाणी स्वच्छ उकळलेल्या बाटलीत भरून, बर्फात ठेवून, सहा तासांच्या आत शासकीय प्रयोगशाळेत पोचवावे.

वीणेकऱ्याच्या वहीत ज्या पानावर मुक्काम लिहिता, त्याच पानावर कुपी कोणत्या नाल्याच्या वर भरली, कोणत्याच्या खाली, किती वाजता, त्या दिवशी पाऊस होता की नव्हता, हे लिहावे. दशमीस भरलेली कुपी द्वादशीस, पारणे सोडण्याआधी, उजेडात धरून पाहावी.